वरची कडी

मिसिराइन कधी दार वाजवत नसे. वाजवायचं कशासाठी? घर तिचं, जिना तिचा, गच्चीवरची पाण्याची टाकी तिची, आणि टाकीकडे जायची एकुलती एक वाट लतिकाच्या खोलीतून. त्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. पूर्वी होती म्हणे. भाडेकरू ठेवायला लागल्यावर मिसिराइनच्या नवऱ्यानं, मिसिरांनीच, ती उपटून घेतली, आणि तिच्या जागी लाकडात नुसती भोकं राहिली.

लतिका लग्न होऊन साताऱ्याकडच्या एका खेड्यातून बनारसला आली ती थेट या खोलीत. नव्या नवरीचे दिवस. न्हाऊन केस पुसत उभी होती, तोच मिसिराइन बादली घेऊन आत आली, "बैठो, बैठो" म्हणाली, आणि टाकीकडे निघून गेली. जाताना एकदा, येताना एकदा. लतिका बसली नाही, ओल्या केसांनी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पुढे ईशानी झाली, शाळेत जायला लागली, तरी ते "बैठो, बैठो" काही थांबलं नाही. नवरा, विश्वेश, जेवत असला की मिसिराइन ताटात डोकावून जायची. रात्री टाकी वाहिली की अंधारात पावलं वाजायची. मिसिराइन दुष्ट नव्हती. भाड्यासाठी तिनं कधी ताणून धरलं नाही, ईशानीच्या गोवराच्या वेळी कडुलिंबाचा पाला स्वतः आणून दिला. पण झोपताना लतिका दाराला पाण्याचा हंडा टेकवून ठेवी, आणि कुणी दार ढकललं की हंडा सरकल्याच्या आवाजानं जागी होई.

म्हणून विश्वेशनं घर घ्यायचं काढलं तेव्हा तिनं खोल्या किती, ऊन कुठून येतं, काही विचारलं नाही. "दाराला कडी आहे का?" एवढंच विचारलं.

विश्वेश विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची बांधणी करी. त्याचे वडील गोपीनाथअप्पा यात्रेकरूंच्या धर्मशाळेत आचारी होते. आता हात थरथरतो म्हणून घरी बसलेले. घराणं काशीत येऊन किती पिढ्या झाल्या हे अप्पा घडाघडा सांगत, पण त्या सगळ्या पिढ्या भाड्याच्या. संकठा देवीच्या मागच्या गल्लीत एक जुनं घर स्वस्तात निघालं. खाली दोन खोल्या, वर एक, मध्ये चौक म्हणायला एक हवेची खाच. खालच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची कमरेएवढी रेघ. बरीच वर्षं बंद असल्यामुळे आत कबुतरांचा संसार. विश्वेशची पुंजी आणि लतिकाच्या पाटल्या त्यात गेल्या, आणि त्याबद्दल घरात पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही.

"घर झालं हे चांगलंच," अप्पा म्हणाले, "पण आता भांडायला किरायेदाराचा मालिक कुठून आणायचा?"

देवदिवाळी झाली आणि काम सुरू झालं. बेत साधा होता. या वर्षी खालच्या खोल्यांचा गिलावा, न्हाणीघराला फरशी, पुढचं दार. वरचं छत पुढल्या हिवाळ्यात. जुनं असलं तरी तग धरून होतं. खरमास लागायच्या आत आत शिरायचं, कारण एकदा खरमास लागला की तिकडं संक्रांतीपर्यंत कुणी नव्या घरात पाऊल टाकत नाही. आणि मिसिराइननं खोली आपल्या भाच्याला कबूल करून टाकली होती.

लालमन मिस्त्री कामाला चांगला होता. तोंडात सदा पान, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं अंदाजानं घ्यावं लागे, आणि तो समोरच्याचं बोलणंही तसंच घेई. त्या सकाळी विश्वेश कामावर गेलेला. लतिका नव्या घरातून मिसिरांकडचं सामान बांधायला निघाली होती. जाता जाता पुढच्या दारात थांबली. दार जाड सागवानी, पण त्याची खालची कडी गंजून बसलेली आणि वरची अर्धी तुटलेली.

"मिस्त्रीजी," ती म्हणाली, "बाकी काम होता रहेगा. पहले कडी बदल दीजिए. सब सड़ गयी है."

लालमननं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि वर बघितलं. लतिकाला वाटलं, विचार करतोय.

"कडी? भइया त बोले थे कि कडी अभी नहीं छूना है."

हे ऐकून लतिकाचं टाळकंच फिरलं. एवढी वर्षं कडीवाचून काढली, आणि आता हा म्हणतो हात लावायचा नाही! "भइया दिनभर बाहर रहते हैं. घर में रहना हमको है. कडी आज ही बदलनी है."

"ऊपर की कि नीचे की?"

"ऊपर की जरूरी है. नीचे की बाद में देखेंगे."

"लकड़ी की डालें कि लोहे की?"

"लोहे की! लकड़ी की कौन लगाता है? ऐसी मजबूत कि दस आदमी धक्का दें तो भी न हिले."

"दस आदमी," लालमन आदरानं म्हणाला. "ठीक है बहूजी. जैसा हुकुम."

आपल्या घरात आपल्या शब्दाला मान आहे, या आनंदात लतिका मिसिरांच्या गल्लीकडे गेली. दुपारभर तिनं डबे बांधले, अप्पांची वळकटी दोरीनं आवळली, आणि वाटेत मनाशी गुणगुणतसुद्धा होती. ऊन कलताना ईशानीला शाळेतून घेऊन ती नव्या घरी आली. गल्लीच्या तोंडाशीच माती दिसली. मग विटा. दारासमोर दगडी पटियांची, म्हणजे लांब लाद्यांची, चळत लागली होती आणि त्यावर शेजारचा बोकड उभा होता. आतून धुरळ्याचा लोट येत होता. चौकात उभी राहून तिनं वर बघितलं, तर वरच्या खोलीच्या डोक्यावर आभाळ. करडं, पौषाच्या तोंडचं आभाळ, आणि त्यात एक पतंग.

"आई, वरच्या खोलीचं छत कुठं गेलं?" ईशानीनं विचारलं.

लालमन भिंतीवर बसून हसत होता. "ऊपर की सब निकल गयी बहूजी! बस दो रह गयी है. लोहे का गर्डर कल आ जाएगा."

लतिकानं दाराकडे बोट केलं. तुटकी कडी तिथंच लोंबत होती. "कडी," ती म्हणाली. "ये... ये कडी."

लालमननं दाराकडे बघितलं, मग हातातल्या लाकडी तुळईकडे. भराभरा पायऱ्या उतरून खाली आला. "अरे बहूजी, ई त सिकड़ी है! सिकड़ी! कडी त ई है, जिस पर छत रहता है." आणि त्यानं कपाळावर हात मारला. पानाची पिंक बाजूला टाकून आला आणि पुन्हा एकदा मारला.

विश्वेश तिन्हीसांजेला अप्पांना मागं बसवून आला. त्यानं सायकल भिंतीला लावली, वर बघितलं, आणि उंबऱ्यावर मटकन बसला. लतिकानं सगळं सांगितलं, अडखळत, कारण मध्येच रडू फुटत होतं. विश्वेशला पहिल्यांदा रागच आला. "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये बोलायला? एवढी सालं बनारसमध्ये राहून कडी म्हणजे काय ते माहीत नाही?"

"कसं माहीत असणार?" लतिका उसळली. "भाड्याच्या खोलीत छताबद्दल कोण बोलतंय? दूध, भाजी, टाकीचं पाणी, एवढंच हिंदी मला तुमच्या घरानं शिकवलं. छत मिसिरांचं होतं."

मग अप्पाच म्हणाले, "अगं, पण तुमच्या गावाकडं कडीपाटाचं घर म्हणत नाहीत?"

म्हणत तर! गावात पाटलांचं घर कडीपाटाचं होतं, लहानपणी शंभरदा तोंडातून गेलेला शब्द. पाट म्हणजे फळ्या हे तिला ठाऊक होतं. त्यातली कडी कुठली, हे कधी मनातच आलं नव्हतं. तिच्या माहेरी पत्रा होता. शब्द जन्मभर जवळ असून उपयोग झाला नाही याची तिला अशी काही लाज वाटली की ती पदरात तोंड घालून बसली. आणि अप्पांना हसू आलं. आधी नुसती दाढी हलली, मग खोकला लागेपर्यंत हसले. "दस आदमी धक्का दें," ते म्हणाले, आणि मग विश्वेशही हसला. लतिकाला त्या दोघांचा संताप आला, पण संताप फार वेळ टिकला नाही.

हसून छत थोडंच येतंय! मिसिराइनकडे आणखी महिनाभर राहू द्या म्हणून विश्वेश गेला, तर भाच्याची पेटी खोलीत येऊन पडली होती. "हमारे बस में होता तो..." मिसिराइन म्हणाली, आणि पुढचं हातानंच दाखवलं. आता बिनछताच्या घरात, खरमासात, पूजा न करता शिरण्यावाचून गत नव्हती. गृहप्रवेश नाही, नुसतं सामान ठेवतोय, असं देवाला सांगून अप्पांनी खालच्या खोलीत समई लावली. पण वळकटीची दोरी सोडली नाही. वरची जाजमं काढून तेवढीच अंथरली. आयुष्यभर किरायेदार राहिलेल्या माणसाचा हा स्वभाव, त्याला कोण काय करणार.

लोखंड आलं ते न्हाणीघराच्या फरशा खाऊन. मजुरांनाही कमी करावं लागलं. त्यातल्या दोघांना लतिकानंच दुसऱ्या दिवशी सांगितलं, तुम्ही नका येऊ. लालमन म्हणाला, मलबा कौन ढोएगा? लतिका म्हणाली, "हम."

माहेरी तिनं शेणखताच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या होत्या. जुन्या लुगड्याची चुंबळ केली, घमेलं डोक्यावर घेतलं, आणि निघाली. गल्ली एवढी अरुंद की समोरून माणूस आला तर कुणीतरी दारात शिरावं लागे, आणि समोरून साँड आला तर आपणच. महापालिकेची ट्रॉली उभी असे तिथपर्यंत खेप. पहिल्या दिवशी मान अवघडली, दुसऱ्या दिवशी खांदे, मग काहीच दुखेनासं झालं. हात मात्र चुन्यानं फुटले. अप्पा चौकात पोत्यावर बसून जुन्या पातळ लखौरी विटांचा चुना खरवडत आणि चांगल्या विटा एका बाजूला रचत. थरथरता हात या कामाला चालत होता. विश्वेश पहाटे धुक्यात वाळू चाळून ठेवी आणि मग कामावर जाई. ग्रंथालयात त्याच्या नखांत सिमेंट बघून साहेबांनी विचारलं, तर म्हणाला, घर बांधतोय. हे सांगताना आपला आवाज चढला होता, असं त्यानं रात्री स्वतःच लतिकाला सांगितलं.

एका शुक्रवारी लतिका डोक्यावर घमेलं घेऊन चालली होती, आणि संकठा देवीच्या दारात मिसिराइन चार बायकांत उभी. "अरे, लतिका!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की फुलवालीनं मान वर केली. "मकान मालकिन बनके मजदूरी करने लगी?" बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "यही है न कडीवाली?" गोष्ट गल्लीत पसरली होती तर. डोक्यावर ओझं असलं की मान वळवता येत नाही आणि उत्तरही देता येत नाही. लतिका सरळ चालत राहिली. ट्रॉलीशी जाऊन घमेलं रिकामं केलं आणि तिथंच भिंतीकडे तोंड करून थोडी रडली. मग नाक पुसलं. परत येताना दुसऱ्या गल्लीनं यायचं तिच्या मनात आलं होतं, पण ती वाट लांबची होती, आणि काम पडलं होतं. ती त्याच बायकांसमोरून रिकामं घमेलं काखेत मारून गेली.

गर्डर आले त्या दिवशी तर जत्राच. गल्लीच्या वळणावर लोखंड वळेना. इकडून रेटलं तर पानवाल्याच्या फळीला लागे, तिकडून रेटलं तर महादेवाच्या कोनाड्याला. महादेवाला कोण धक्का देणार? सगळी गल्ली सल्ला द्यायला जमली. शेवटी समोरच्या घराच्या ओसरीतून, त्यांची खाट उचलून, गर्डरचं टोक आत घालून वळवावं लागलं. लालमन ओरडत होता, "धीरे! धीरे! दस आदमी का काम है!" लतिकानं मोजले नाहीत, पण दहापेक्षा जास्तच असावेत. त्यात कुणी मजूर नव्हता. नंतर सगळ्यांना चहा करता करता तिचा स्टो विझला.

आणि जुन्या कड्या? त्यातल्या बऱ्याच धडधाकट निघाल्या, त्या विकून वाळू आली. पण काहींना भिंतीत शिरलेल्या टोकाशी वाळवीनं पोखरलं होतं. लालमननं बोटानं दाबलं की भुसा पडे. झालं, त्या दिवसापासून त्यानं गोष्टच फिरवली. येईल त्याला तो भुसा दाखवी आणि म्हणे, "हम लोग ऊपर चढ़के नहीं देख पाये. बहूजी नीचे खड़े-खड़े बोल दीं कि सब सड़ गयी है. ऐसी नजर!" लतिका पहिल्यांदा "नाही हो" म्हणायला गेली. मग विश्वेशकडे बघितलं. तो विटा भिजवत होता, त्यानं मान खालीच ठेवली, पण त्याचे खांदे हलत होते. मग तीही काही बोलली नाही. कडीवाली म्हणून तर कडीवाली.

गर्डरवर जुन्याच दगडी पटिया बसल्या. त्यावर चुना आणि विटांची भुकटी, त्यात गूळ आणि बेलाचं पाणी. लालमनच्या हातात लाकडी थापी दिसली तेव्हा लतिका ओरडलीच, "अहो, हे तर चोपणं!" माहेरी अंगणाची जमीन चोपायचं तसंच, दांडा तेवढा आखूड. छताची ही कुटाई बायकांनी करायची असते असं समोरच्या ओसरीची वहिनी म्हणाली, आणि स्वतःची थापी घेऊन आली. पानवाल्याची आई आली. देवीच्या दारात ज्या हसल्या होत्या त्यांतलीसुद्धा एक आली, आणि काही झालंच नव्हतं अशी शेजारी बसली. धुक्यातून ऊन वर आलं की रांगेनं उकिडवं बसायचं आणि ठपठप करत मागं मागं सरकायचं. त्या कजरी म्हणत, श्रावणातली गाणी. हिवाळ्यात कजरी कशाला म्हणून लतिकानं विचारलं, तर म्हणे हात चालतो. मग तिनं जात्यावरची एक ओवी म्हटली. कुणाला कळली नाही, पण ठेका बरोबर बसला. संध्याकाळी गुडघे उघडत नसत. अप्पा खोबरेल तेल कोमट करून ठेवत आणि विश्वेश तिच्या तळव्यांच्या भेगांत भरी. इतक्या थकव्यात माणूस सुखी असतं, हे तिला नव्यानंच कळत होतं.

या सगळ्यात पुढच्या दाराची कडी तशीच राहिली होती! रात्री दाराला जातं टेकवायचं आणि दिवसा दार सताड. मिसिराइन एकटी येत असे, इथं अख्खी गल्ली ये-जा करत होती. कुणी छत बघायला, कुणी पाणी मागायला, बोकड तर हक्कानंच. लतिकाला याचा त्रास व्हायला हवा होता. तो का होत नाही याचा तिनं एकदा विचार केला. ही माणसं "अरे भाभी" म्हणून हाक मारून आत येत, एवढाच फरक होता. बोकडसुद्धा आधी ओरडायचा.

खरमास सरला. बनारसमध्ये संक्रांतीला खिचडीच म्हणतात. त्या सकाळी घराची पूजा झाली, वरच्या खोलीत नवा चुना सुकत होता, गच्चीवर ईशानीचा पतंग कटत होता. लालमन आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. दारापाशी बसला, जुने खिळे उपटले, आणि मनगटाएवढी जाड लोखंडी कडी वर ठोकली.

"लीजिए बहूजी. ऊपर की कडी," तो म्हणाला. एवढे दिवस सिकड़ी सिकड़ी करणारा माणूस, त्या दिवशी मुद्दाम कडी म्हणाला. "दस आदमी."

सगळे खिचडी जेवले. दुपारी लालमन गेला, विश्वेश आणि ईशानी गच्चीवर. अप्पा आतल्या खोलीत काहीतरी खुडबुड करत होते. लतिकानं जाऊन बघितलं तर ते वळकटीची दोरी सोडत होते. गाठ इतकी घट्ट की नखं लागत नव्हती. तिनं मदत केली नाही, आवाज न करता मागं फिरली.

मग पुढच्या दाराशी गेली. दार लोटलं आणि कडी लावली. खट् असा आवाज झाला. काढली, पुन्हा लावली. घरात कुणी बघत नाहीसं पाहून आणखी एकदा. मग पाटावर बसून तिळाचे लाडू डब्यात भरू लागली.

बाहेरून दार ढकलल्याचा आवाज आला. दार हललं नाही. पुन्हा एकदा ढकललं गेलं. मग बाहेरची कडी वाजली, हळूच, सवय नसल्यासारखी.

लतिकानं लाडू खाली ठेवला. हात पुसले. आणि लग्न झाल्यापासून जो शब्द तिला कधी म्हणावाच लागला नव्हता तो ती म्हणाली.

"कोण?"

"हम हैं," बाहेरून आवाज आला. "मिसिराइन. तिलवा लाये हैं."

या क्षणासाठी लतिकानं पुष्कळ वाक्यं जमवून ठेवली होती, हंड्याच्या त्या सगळ्या रात्री. आता त्यातलं एकही आठवेना. तिनं मिसिराइनला थोडं थांबवलं मात्र. लाडवाच्या डब्याला झाकण लावलं, पदर सारखा केला, मग कडी काढली. मिसिराइन उंबऱ्याच्या बाहेर उभी होती, तिळाच्या लाडवांच्या वाटीवर पदर धरून, थंडीनं नाक लाल झालेलं. म्हातारी दिसत होती. तिनं एक पाय उचलला आणि परत खाली ठेवला.

"आ जाएँ?" तिनं विचारलं.

"आइए ना," लतिका म्हणाली. "बैठिए, बैठिए."

मिसिराइन आत आली, आणि लतिकानं तिच्यामागे कडी लावून घेतली.